छातीतलं पाणी, पोटातली गोष्ट

(1983 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू डॉक्टर आहेस, आरोग्यावर वीस मिनिटं बोल." जेवण झाल्यावरचं सत्र. पोटात श्रीखंड-पुरी आणि वर कंदी पेढा. अशा वेळी डॉक्टरनं साखर, रक्तदाब आणि चालायला जा एवढं सांगून खाली बसावं, हे मला कळतं. पण सकाळी आपण दोन मिनिटं उभे राहिलो. आपल्या तुकडीतली जी मंडळी आज नाहीत, त्यांची नावं वाचली गेली. त्या यादीत आणखी एक नाव आलं असतं. ते येण्याचं कारण बऱ्याच अंशी मी झालो असतो. म्हणून आज मी आरोग्यावर न बोलता माझ्या एका चुकीवर बोलणार आहे.

ज्याच्याबद्दल बोलणार आहे, तो इथंच बसला आहे. त्याला विचारूनच बोलतोय. तो म्हणाला, "बोल, पण नाव घेऊ नकोस. तरी लेका, सगळे मागं वळून बघणारच." तर कृपा करून मागं वळू नका.

सुरुवात शास्त्राच्या तासानं करतो. सर, तुम्ही नववीला फळ्यावर पचनसंस्थेची आकृती काढायचात. जठर, यकृत, लहान आतडं, आणि जठराच्या मागं आडवं पडलेलं, पानासारखं एक इंद्रिय. स्वादुपिंड. परीक्षेत नावं देण्याला गुण असायचे आणि निम्मा वर्ग स्वादुपिंडाची रेघ प्लीहेवर नेऊन टेकवायचा. मी तेव्हा बरोबर नेली होती. पुढं मिरजेला एमबीबीएस केलं, एमडी केलं, सांगलीत वीस-पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केली, आणि 2019 साली माझ्या मित्राच्या बाबतीत ती रेघ चुकवली.

त्या वर्षीचा ऑगस्ट साताऱ्याच्या मंडळींनाही आठवत असेल. धोम, कण्हेर, कोयना भरलेली, वरून पाऊस थांबत नाही, आणि खाली सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलेली. तिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे. माझ्या मित्राचं गणपती पेठेत दुकान. साताऱ्याहून तो लग्नानंतर सांगलीत आला आणि तिथलाच झाला. दुकानातला माल गेला, गोदाम गेलं. पाणी ओसरल्यावर महिनाभर तो चिखल काढत होता.

ऑक्टोबरमध्ये वहिनी त्याला घेऊन माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना जिना चढवत नाही. रात्री उशाला दोन उश्या लागतात." मी तपासलं. डाव्या बाजूला छातीवर बोटानं ठोकलं तर आवाज ठस्स. एक्स-रे काढला, डावी बाजू निम्म्यापेक्षा जास्त पांढरी. छातीत पाणी झालेलं.

हे पाणी फुफ्फुसाच्या आत नसतं. फुफ्फुसाभोवती दोन पदरी आवरण असतं, त्या दोन पदरांच्या मध्ये ते साठतं आणि फुफ्फुसाला दाबतं. सुईनं मी जवळजवळ दीड लिटर पाणी काढलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं, जरा लालसर. तपासणीला पाठवलं. प्रथिनं जास्त, पेशींमध्ये लिम्फोसाइट जास्त, एडीए नावाची एक तपासणी असते ती सीमेवर. जंतू सापडले नाहीत. वजन उतरलेलं, अधूनमधून कणकण. मी टीबीचं निदान केलं आणि सहा महिन्यांचा कोर्स सुरू केला.

आता माझी बाजू थोडी मांडू द्या, कारण हे निदान मी झोपेत केलं नव्हतं. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. आपल्याकडं छातीत पाणी झालेला माणूस आला की टीबी हा पहिला विचार असतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. शिवाय टीबीच्या पाण्यात जंतू क्वचितच सापडतात, म्हणून डॉक्टरला अंदाजानं, इतर खुणांवरून निदान करावं लागतं. आणि आम्ही ज्या मातीत वाढलो, तिथं टीबीचा इतिहास फार जवळचा आहे. आपल्या जिल्ह्यात पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी 1912 साली बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, ते कोरड्या थंड हवेसाठी. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं, हवा, विश्रांती आणि अन्न एवढंच. तिकडं मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिशनचं हॉस्पिटल उभं केलं आणि पुढं सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. आम्ही मिरजेत शिकणारी पोरं. छातीचा आवाज ऐकला की आमच्या कानात आधी टीबीच बोलायचा.

पण हेही तितकंच खरं की ज्या गोष्टीची सवय असते, तिच्यापलीकडं माणूस बघत नाही.

महिन्याभरात पाणी परत भरलं. मी परत काढलं. टीबीत सुरुवातीला असं होऊ शकतं, मी स्वतःला सांगितलं. नोव्हेंबरच्या अखेरीस तिसऱ्यांदा काढलं. औषधं चालू आहेत, वहिनी गोळ्या मोजून देताहेत, आणि पाणी भरतंच आहे. ऑगस्टमध्ये 62 किलो असलेला माणूस जानेवारीत 47 किलोवर आला.

आणि मी काय सांगत होतो? "वहिनी, त्याला चांगलंचुंगलं खायला घाला. अंडी, दूध, साजूक तूप." टीबीच्या रोग्याला आपण सगळे हेच सांगतो. त्या बिचाऱ्या सकाळ-संध्याकाळ त्याच्या ताटात तूप वाढत होत्या. तो जेवला की पोटात दुखायचं, म्हणून जेवायला नको म्हणायचा, म्हणून घरात भांडण. मी वहिनींची बाजू घ्यायचो.

जानेवारीच्या शेवटी माझ्या दवाखान्यात नुकतीच काम करायला लागलेली एक तरुण डॉक्टर होती. माझ्या मुलीच्या वयाची. चौथ्यांदा पाणी काढलं तेव्हा तिनं बाटलीकडं बघून विचारलं, "सर, यातलं अमायलेज कधी बघितलंय का?"

मी म्हणालो, "नाही."

ती पुढं काही बोलली नाही. पण तपासणीच्या कागदावर तिनं ते लिहिलं आणि माझ्यापुढं सहीला ठेवलं. काहीशे रुपयांची तपासणी. दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला, "डॉक्टर, आम्ही दोनदा करून बघितलं." रक्तात अमायलेज साधारण शंभराच्या आसपास असतं. त्याच्या छातीतल्या पाण्यात ते 30 हजारांच्या वर होतं.

अमायलेज म्हणजे पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर. लाळेत असतं आणि स्वादुपिंडाच्या रसात असतं. सर, तुम्ही भाताचं शीत चावायला लावून "गोड लागतंय का?" म्हणून विचारायचात, तेच ते. एवढं अमायलेज छातीत सापडलं म्हणजे ते पाणी फुफ्फुसाच्या आजाराचं नव्हतंच. पोटातला पाचक रस छातीत येऊन साठत होता.

तो तिथं पोचला कसा, हे मी वहिनींना आणि त्याला नदीवरून समजावलं, तसंच तुम्हाला सांगतो. स्वादुपिंड हे वीतभर लांबीचं इंद्रिय. ते रोज लिटर-दीड लिटर रस तयार करतं आणि एका नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीला सोडतं. वर्षानुवर्षं त्याला सूज येत राहिली की नळी कुठं अरुंद होते, कुठं तिच्यात चुन्यासारखे खडे बसतात. म्हणजे पात्र अडलं, पण वरून पाण्याची आवक चालूच. मग 2019 ला सांगलीत जे झालं तेच होतं. समोर वाट नाही म्हटल्यावर पाणी नाल्यांतून उलटं आत शिरलं, आणि ज्यांनी नदी कधी दारात पाहिली नव्हती त्यांच्या घरात गेलं. इथं नळी मागच्या बाजूनं फुटते. रस पाठीच्या कण्यापुढून वर चढतो, श्वासपटलातून अन्ननलिका आणि महाधमनी जिथून जातात त्या फटींतून छातीत शिरतो आणि आवरणात वाट काढतो. बहुतेक वेळा डाव्या बाजूला.

यातली फसवी गोष्ट अशी की अशा रोग्याचं पोट फार दुखत नाही. रसाला वाट मिळालेली असते, दाब उतरलेला असतो. रोगी येतो तो धाप लागते म्हणून, आणि डॉक्टर बघतो ती छाती. त्यात माझ्या सल्ल्यानं त्याला दिवसातून दोनदा तूप-दूध मिळत होतं. जेवणानं, त्यातही तेलातुपाच्या जेवणानं स्वादुपिंडाचा रस वाढतो. म्हणजे वहिनी प्रेमानं वाढत होत्या, आणि मी लिहून दिलेला आहार छातीत पाणी भरत होता.

रिपोर्ट हातात आल्यावर मी त्याला एकट्याला आत बोलावलं. वहिनींना म्हटलं, "जरा बाहेर बसता का?" चार महिन्यांत पहिल्यांदा.

विचारलं, "पीत होतास का?"

तो टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत राहिला. मग म्हणाला, "रोज. बारा-तेरा वर्षं. दुकान बंद केल्यावर गोदामात. घरी माहीत नाही, म्हणजे माहीत असेल, बोलत नाही कोणी. सिगारेटही."

"पोटात?"

"सात-आठ वर्षं दुखतंय. वरच्या बाजूला, पाठीत जातं. गुडघे पोटाशी घेऊन वाकून बसलं की बरं वाटायचं. मेडिकलमधनं ॲसिडिटीची गोळी घ्यायचो."

"मला का सांगितलं नाहीस?"

तो म्हणाला, "तू विचारलं नाहीस."

मित्रांनो, हे वाक्य मी गेली तीन-चार वर्षं ऐकतोय. खरंच मी विचारलं नव्हतं. अनोळखी माणूस असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं: दारू, तंबाखू, किती, कधीपासून. ते आमच्या केस पेपरवर छापलेलंच असतं. पण हा माझ्या बाकावरचा. याच्या डब्यातली भाकरी मी खाल्लेली. याच्याबरोबर चार भिंतीवर चढून परीक्षेच्या आदल्या दिवशी पतंग बघितलेले. समोर वहिनी बसलेल्या. मी तो रकाना कोरा सोडला. मला वाटलं, मी मैत्री जपतोय. त्यालाही वाटलं, मित्रापुढं लाज नको. दोघंही एकमेकांचा मान राखत होतो आणि त्याचं वजन दर महिन्याला तीन किलोनं उतरत होतं.

आणि एक खूण तर माझ्या हातात होती. त्याच ऑक्टोबरमध्ये त्याची साखर वाढलेली निघाली होती. घरात कोणाला मधुमेह नाही, अंगानं वाळलेला माणूस. स्वादुपिंडच इन्सुलिन तयार करतं, हे मला माहीत नाही का? पण मी पन्नाशी उलटली म्हणून गोळी लिहिली आणि पुढं गेलो. छातीचा कागद वेगळा, साखरेचा कागद वेगळा. दोन्ही एकाच माणसाचे आहेत, हे बघायचं राहिलं.

पुढचं भरभर सांगतो. सीटी स्कॅन केला, त्यात स्वादुपिंडातले खडे दिसले. मग पुण्याला पाठवलं. एमआरसीपी नावाच्या तपासणीत नळी फुटलेली जागा आणि वर जाणारी वाट दिसली. तिथल्या डॉक्टरांनी मूतखड्याला देतात तसे बाहेरून धक्के देऊन खडे फोडले, तोंडातून दुर्बीण घालून स्वादुपिंडाच्या नळीत स्टेंट बसवला. रसाला त्याची मूळची वाट मोकळी झाली. रस कमी करणारी इंजेक्शनं दिली. तोंडानं खाणं बंद ठेवून, नळीनं थेट आतड्यात अन्न दिलं. छातीतलं उरलेलं पाणी नळी टाकून काढलं. टीबीचा कुठलाही पुरावा नाही याची खात्री करून तिथल्या डॉक्टरांनी टीबीची औषधं थांबवली. तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला, तर डावं फुफ्फुस पूर्ण फुललेलं. चार महिने मी जे करू शकलो नाही, ते एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीनं केलं. सगळ्यांनाच इतक्यावर भागत नाही. काहींना शस्त्रक्रिया लागते.

तो सांगलीला परतला आणि पंधरा-वीस दिवसांत लॉकडाऊन लागलं. पुण्याला तपासणीला जायची सोय नाही, मी धास्तावलेला. पण एका दृष्टीनं ते बरं झालं. हॉस्पिटलमध्ये दारू सुटली होती आणि बाहेर आल्यावर सगळी दुकानं बंद. खरी परीक्षा मे महिन्यात आली. दारूची दुकानं उघडली, रस्त्यावर रांगा लागल्या, टीव्हीवर तुम्ही बघितल्या असतील. त्या दिवशी सकाळी साडेनऊला त्याचा फोन आला.

"काय करतोयस?"

"काही नाही. दवाखान्यात निघालोय."

"फोन ठेवू नकोस. बोलत राहा."

मी गाडी कडेला लावली. पाऊण तास बोललो. सगळं शाळेचं. कुणाची सायकल पंक्चर केली होती, कुणाच्या बाईंनी कुणाला अंगठे धरून उभं केलं. पाऊण तासानं तो म्हणाला, "ठेव आता. जेवायला बसतो." नंतरही असे फोन आले. रात्री आले, चालू ओपीडीत आले. मी उचलले. मी त्याला दिलेलं खरं औषध म्हणाल तर तेवढंच.

आज तो 58 किलोचा आहे. जेवणाबरोबर पाचक विकरांच्या कॅप्सूल घेतो, इन्सुलिन घेतो, कारण स्वादुपिंडाचा जो भाग गेला तो परत येत नाही. दारू आणि सिगारेट दोन्ही बंद आहेत. सिगारेटचं मुद्दाम सांगतो, कारण लोक दारूला नावं ठेवतात आणि सिगारेट विसरतात. स्वादुपिंडाला दोन्ही मारतात. सकाळी यवतेश्वरच्या घाटात आपण गाडी थांबवली तेव्हा वरच्या कठड्यापर्यंत चालत गेलेला आणि मला "दम लागला का रे डॉक्टर?" विचारणारा तोच होता.

आता डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगतो आणि खाली बसतो.

एक. छातीतलं पाणी काढून पुन्हा पुन्हा भरत असेल, औषध घेऊनही हटत नसेल, तर डॉक्टरांना विचारा, "यातलं अमायलेज बघायचं का?" डॉक्टरला राग येणार नाही, आणि आला तर येऊ द्या. पण म्हणून टीबीची औषधं स्वतःच्या मनानं बंद करू नका. आपल्याकडं टीबी खराच आहे, आणि अर्धवट सोडलेला टीबी जास्त घातक होतो. शिवाय स्वादुपिंडाच्या रोग्याला कुपोषणामुळं आणि मधुमेहामुळं टीबी होण्याची भीतीही असते. दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

दोन. वरच्या पोटातलं, पाठीत जाणारं, पुढं वाकल्यावर कमी होणारं दुखणं वर्षानुवर्षं ॲसिडिटी म्हणून झाकू नका. शौचाला तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं होत असेल, वजन उतरत असेल, अंगानं बारीक माणसाला अचानक साखर निघाली असेल, तर पोटाची तपासणी करून घ्या.

तीन. स्वादुपिंडाचा हा आजार झाला म्हणजे माणूस दारुडाच, असं धरून चालू नका. आपल्या देशातल्या 1086 रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात दारूमुळं आजार झालेले साधारण 39 टक्के होते. सुमारे 60 टक्के रुग्णांमध्ये ठोस कारण सापडलंच नाही. केरळमध्ये तर लहान वयात होणारा याचा एक प्रकार डॉक्टर कित्येक दशकं अभ्यासत आहेत. आपल्या गल्लीत एखाद्या मुलीला हा आजार झाला तर तिच्या घरच्यांना आधीच पुरेसा त्रास असतो, त्यात आपल्या नजरेची भर नको.

चार. पीत असाल तर डॉक्टरला खरं सांगा. बायकोसमोर जमत नसेल तर "मला दोन मिनिटं एकट्याला बोलायचंय" म्हणा. आणि तुमच्यातले जे डॉक्टर आहेत, कुणाची मुलं-सुना डॉक्टर आहेत, त्यांनी विचारा. मित्राला तर आधी विचारा.

सर, तुम्ही पेपर तपासून परत द्यायचात तेव्हा चुकलेल्या उत्तरावर नुसती फुली मारायचा नाहीत, बाजूला बरोबर उत्तर लिहायचात, आणि ते आम्हाला वहीत पाच वेळा लिहायला लावायचात. मी ते उत्तर आज तुमच्यासमोर एकदा लिहून दाखवलं. उरलेल्या चार वेळा माझ्या दवाखान्यात रोजच लिहितोय. प्रत्येक केस पेपरवरचा तो रकाना आता मी भरल्याशिवाय सोडत नाही, समोर कुणीही बसलेलं असो.

आणि मित्रांनो, निघताना फोन नंबरांची यादी प्रत्येकानं न्या. तिच्यात माझाही नंबर आहे. कुणाला पाऊण तास बोलावंसं वाटलं तर लावा. मी गाडी कडेला घेईन.